पोर्ट्समथ चौकातील मास्तर

सॅन फ्रान्सिस्कोस जाऊन गोल्डन गेटचा पूल न पाहणारा प्रवासी विरळाच. आम्हीही तो पाहिला. परंतु २०१८ च्या उन्हाळ्यातील त्या मुक्कामात आमचे मन गुंतले ते चिनी वस्तीतील पोर्ट्समथ चौकात. १८४६ साली या गावात अमेरिकेचा ध्वज प्रथम उभारला गेला तो येथेच. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र सारी गर्दी पत्त्यांच्या नि चिनी बुद्धिबळाच्या डावांभोवती होती. खेळणारे बहुतेक सत्तरी ओलांडलेले.

आमच्या मुलीच्या एका मैत्रिणीचे वडील त्यांत होते. ग्वांगदोंग प्रांतातील तायशानचे निवृत्त शाळामास्तर! समव्यवसायी भेटल्यावर मग काय विचारता? दुभाष्याचे काम त्यांच्या नातीने केले; अर्थात कंटाळत.

मास्तरांची पेन्शन चीनची, नातवंडे अमेरिकेची. पेन्शन चालू राहावी म्हणून ठराविक मुदतीने आपण हयात असल्याचे चिनी सरकारला पटवावे लागते. ही यातायात आमच्या पेन्शनर वाचकांस सांगावयास नकोच. इकडे ग्रीन कार्ड असलेल्याने परतीच्या परवान्यावाचून वर्षभर देशाबाहेर काढले, तर कार्ड धोक्यात येते. म्हणजे एका देशास ते जिवंत असले की पुरे, दुसऱ्यास हजर असले की पुरे! बरे, अमेरिकेचे नागरिक व्हावे, तर चीनच्या १९८० च्या कायद्यास दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. मग स्वतःच्याच घरी जाण्यास व्हिसा काढा. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडेही नाही. पण निदान ओसीआय कार्डाची सोय आहे.

बडोद्यात आमची चौथी पिढी नांदत असूनही 'मूळ गाव?' म्हणताच आम्ही सातारा सांगतो. तोच प्रश्न आम्ही मास्तरांना केला. गळले पान मुळाशीच जाते, अशी चिनी म्हण आहे. एकोणिसाव्या शतकात येथे वारलेल्या चिनी मजुरांच्या अस्थी पुढे उकरून, पेट्यांत भरून, जहाजाने हाँगकाँगमार्गे गावी धाडीत, ते याच ओढीने.

मास्तर म्हणाले, "घराला कुलूप आहे. किल्ली शेजाऱ्याकडे. छिंगमिंगच्या सणाला जातो आणि वडिलांच्या थडग्यावरचे गवत काढून येतो. माझ्यावरचे कोण काढील, ते हिला विचारा."

मुलीने हे इंग्रजीत सांगितले, आणि मग आजोबांकडे वळून त्यांच्या बोलीत काही विचारले. आजोबा हसले, तिच्या डोक्यावर टपली मारून डावाकडे वळले. काय विचारले, ते तिने आम्हांस सांगितले नाही.