ती धूरराणी

आमचा जिल्हा दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक तुळजापूरची भवानी आणि दुसरी उस्मानाबादी शेळी. तिसरा मान माझ्या मोटारसायकलला मिळायला काही हरकत नव्हती, कारण तिचा आवाज निम्म्या धाराशिवात ऐकू जातो. पण ज्यांना तो ऐकू जातो त्यांनीच मोडता घातला.

गाडी राजदूत 350. राजदूत म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून डेअरीकडे निघालेला दूधवाला आला असेल. ती 175 ची राजदूत निराळी. गरीब, सोशिक, पाच जणांना घेऊन जत्रेला जाणारी. हिचं आणि तिचं फक्त आडनाव एक. ही मूळची जपानची, यामाहा कंपनीची आरडी 350. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनी 1983 साली ती आपल्याकडे बनवायला घेतली आणि ते दशक संपता संपता हात टेकले. दोन सिलिंडर, सहा गिअर, तीस घोड्यांची ताकद. पुढे पेट्रोल जरा कमी प्यावं म्हणून सत्तावीस घोड्यांची काढली. माझी सत्तावीसवाली. त्यातले आज किती घोडे हयात आहेत ते उस्तादच जाणे. जपानमध्ये हिला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे येताना तो गेला आणि ड्रम आला. म्हणजे धावायची अक्कल जपानी आणि थांबायची स्वदेशी. पोरं 'आरडी'चा अर्थ 'रॅपिड डेथ' असा लावत, तो काही अगदीच हवेतून आलेला नव्हता.

मी ती 1992 साली एका गुत्तेदाराकडून घेतली. त्याने 1985 मध्ये हौसेने मुलासाठी आणली होती. मुलाने येडशीच्या घाटात एकदाच सहावा गिअर टाकला. मुलगा वाचला, गाडी वाचली, पण गुत्तेदाराची हौस तिथेच गेली. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. शहाणी माणसं त्या काळात लिटरला ऐंशी किलोमीटर जाणारी हिरो होंडा घेत होती. मी लिटरला वीस-बावीस देणारी ही घेतली. घरी आणली तेव्हा हिने ओवाळायला तबक आणलं, पण गाडीने इतका निळा धूर सोडला की तबकातलं निरांजन दिसेना. शेजाऱ्यांनी नगरपालिकेची डासांची फवारणी आली म्हणून खिडक्या लावून घेतल्या. अजूनही लावतात.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याच्याकडेही असलंच एक जपानी दुखणं आहे, पण चार चाकी. डॅट्सन 240 झी नावाची जुनी स्पोर्ट्स मोटार. जपानात हिचं नाव फेअरलेडी. म्हणे कंपनीच्या अध्यक्षांना 'माय फेअर लेडी' हे नाटक इतकं आवडलं की त्यांनी मोटारींना तेच नाव दिलं. आता ज्या 'पिग्मॅलियन'वरून ते नाटक निघालं, त्यावरूनच पु. लं.नी 1975 साली 'ती फुलराणी' केलं. म्हणजे भाच्याकडे फुलराणी आहे. हे मी कौतुकाने घरात सांगितलं, तर आतून आवाज आला, "मग आपल्याकडे धूरराणी!" तेव्हापासून तेच नाव पडलं.

भाच्याचं बरं असतं. त्याला रबराचा वायसर लागला तरी जाडजूड कॅटलॉग उघडायचा, चित्रावर बोट ठेवायचं, आठवड्यात खोकं दारात. मात्र एका बाबतीत तो माझा हेवा करतो. त्याची मोटार गंजते. त्या जातीच्या मोटारींची खोडच ती. पावसाचं, बर्फाचं पाणी पत्र्यात शिरतं आणि पत्रा बिस्किटासारखा झडतो. मी त्याला म्हटलं, "अरे, धाराशिवला घेऊन ये. इथे पाणी प्यायला नाही, गंजायला कुठून मिळणार?" दुष्काळाचा माणसाला झालेला फायदा मी तरी हा एकच पाहिला.

बाकी माझा कॅटलॉग म्हणजे उस्ताद. गावात जुन्या नाक्याजवळ त्यांचं पत्र्याचं गॅरेज. मी त्यांना उस्ताद म्हणतो, ते मला गुरुजी म्हणतात, आणि आम्हां दोघांनाही एकमेकांच्या विद्येतलं ओ का ठो कळत नाही. या गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक मी एकदा मोठ्या मिनतवारीने झेरॉक्स करून आणलं होतं. ते गॅरेजच्या ओट्यावर ठेवून आम्ही चहा प्यायला गेलो आणि परत येईतो एका उस्मानाबादी शेळीने त्यातला ऑइलपंपाचा अख्खा धडा खाऊन टाकला होता. पुढे पंप बिघडला तेव्हा उस्तादांनी तो सरळ काढून टाकला. "गुरुजी, धडाच ऱ्हायला नाही तर पंप ठेवून काय करायचा?" तेव्हापासून ऑइल पेट्रोलमध्येच ढवळून घालतो.

उस्तादांची खरी विद्या कानाची. या गाडीला दोन सिलिंडर, म्हणून पॉइंटही दोन. पिस्टन माथ्याला पोचायच्या दोन मिलिमीटर आधी ठिणगी पडली पाहिजे. हे मोजायला कंपनीचं घड्याळासारखं यंत्र असतं. उस्तादांकडे सायकलचा एक आरा होता, कानशीने खूण केलेला. प्लगच्या भोकातून तो आत सोडायचा, आणि पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा. कागद सुटला की पॉइंट उघडला. उस्ताद सिगारेट ओढत नाहीत, मीही नाही. त्यामुळे पानपट्टीवर जाऊन रिकामी पाकिटं मागायचं काम माझ्याकडे. माझ्या वर्गातल्या पोरांनी मला तिथे किती वेळा पाहिलं असेल आणि घरी जाऊन काय सांगितलं असेल, याचा मी विचार करत नाही. कागदाने जमवलं की गाडी चालू करून उस्ताद डोळे मिटत आणि कान देत. "डावं जरा मागं ऱ्हायलं." पुन्हा खोल. ते 'जरा' मला तेहतीस वर्षांत एकदाही ऐकू आलेलं नाही.

2025 साली गाडीला चाळीस वर्षं झाली. जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. पर्यावरण कर भरायचा, गाडी तपासणीला उभी करायची. कागदपत्रांत ती अजून उस्मानाबादची आहे. गावाचं नाव 2023 साली बदललं, पण ती जुन्या वळणाची, माहेरचं नाव लावते. तर तपासणीच्या दोन महिने आधी तुळजापूरहून येताना पिस्टन धरला. गाडी जागच्या जागी थांबली. ड्रम ब्रेकने इतक्या वर्षांत जमलं नव्हतं इतकी छान थांबली.

आता पिस्टन. इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. सिलिंडर झिजलं की ते लेथवर आतून थोडं मोठं करतात, त्याला बोअर करणं म्हणतात, आणि मग पिस्टनही तेवढाच मोठा लागतो. माझ्या पँटचं शिंपी करतो तेच. दर दोन-तीन वर्षांनी कमरेची शिलाई उसवून थोडी ढिली करायची. पण आतलं कापड एक दिवस संपतं. या सिलिंडरचं मूळ माप 64 मिलिमीटर, आणि पाव-पाव करत 65 ला कापड संपतं. आमचं हे शेवटचं माप होतं. 65 चे दोन पिस्टन हवे होते.

सोलापूर पालथं घातलं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी एकदा आणि रविवारी एकदा गेलो. तिथे ग्रामोफोनचे कर्णे, पितळी कुलपं, कुणाच्या तरी आजोबांचा चष्मा, सगळं होतं. पिस्टन मिळाला, एक. दुसऱ्यासाठी एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने पार्सल पाठवलं. डब्यावर अस्सल जपानी अक्षरं. आत पिस्टन असा की उस्तादांनी तो हातात घेऊन नुसता तोलला आणि म्हणाले, "गुरुजी, डबा ठेवा. चांगला आहे."

शेवटी बार्शीत एका जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानात माळ्यावर निघाला. असल्या कामाला जाताना मी कुंथलगिरीचे पेढे अर्धा किलो बरोबर ठेवतो, पैशाने जे दार उघडत नाही ते पेढ्याने उघडतं. मालकांनी दोन पेढे खाल्ले, पिस्टनवरची धूळ फुंकली, आणि चिठ्ठीवरची 1988 ची किंमत मला दाखवली. मी आनंदाने पाकीट काढलं, तर म्हणाले, "ही झाली किंमत. आता सदतीस वर्षांचं माळ्याचं भाडं लावू." भाडं पिस्टनच्या बारापट झालं. मी दिलं. राहिलेले पेढेही ठेवून घेतले त्यांनी.

याच सुमाराला पुण्याहून एक शौकीन तरुण आला होता. बंद गाडीला, आहे त्या स्थितीत, त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून हिने त्याच्यापुढे दुसऱ्यांदा चहा ठेवला. माझ्या निवृत्तीच्या वेळी हातात आलेल्या रकमेशी त्या आकड्याचं दुरून नातं लागत होतं. मी विचार करून सांगतो म्हटलं, आणि खरोखरच विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी उस्तादांचा नातू भेटला. माझाच विद्यार्थी, चौथीत पाढ्यांना रडायचा, आता बॅटरीच्या स्कूटरींच्या दुकानात संगणक लावून बिघाड शोधतो. म्हणाला, "सर, दादांना ऐकू येत नाही. वर्ष होत आलं. कुणाला सांगत नाहीत. मशीन आणून दिलं तर गॅरेजमध्ये काढून ठेवतात."

"का?"

"म्हणतात, ह्यात सगळेच आवाज मोठे येतात. मला एकच पाहिजे." मग थोडं थांबून म्हणाला, "तसंही सर, तुमची गाडी सोडून त्यांच्याकडं आता दुसरी येत नाही."

मी पुण्याच्या तरुणाला फोन करायचा तो राहूनच गेला.

सोलापूरहून सिलिंडर बोअर होऊन एस.टी.च्या पार्सलने आलं. उस्तादांनी चार दिवस लावून गाडी जोडली. आरा आत गेला, कागद सुटला. मी किक मारली. तिसऱ्या किकेला दोन्ही सिलिंडरं बोलली, आणि समोरच्या हॉटेलवाल्याने धुराच्या भीतीने भज्यांवर परात पालथी घातली.

उस्ताद माझ्याकडे पाहत होते. "गुरुजी, आवाज कसा आहे?"

तेहतीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. मी हात उंचावून, ओठ दिसतील असं म्हणालो, "उत्तम! एकदम घड्याळासारखा!"

उस्तादांनी खिशातून मोठा स्क्रू-ड्रायव्हर काढला. त्याचं टोक उजव्या सिलिंडरवर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. डोळे मिटले. मग डाव्या सिलिंडरवर टेकवलं. हॉटेलातली पोरं हसायला लागली. उस्ताद बराच वेळ तसेच वाकून उभे होते, दाढी इंजिनाबरोबर थरथरत होती. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर पुसला.

"डावं उशिरा उघडतंय. जरासं." आणि माझ्या खांद्यावर तेलकट हात ठेवून म्हणाले, "काय गुरुजी, कान असून नापास. बंद करा, खोलू परत."

आधीचा कागद फाटला होता. मी पानपट्टीकडे निघालो.