आकड्याच्या आधी ग्राफ

हिमोग्लोबिन म्हणजे बारा की नऊ, एवढंच मला ठाऊक होतं. एमएस्सी करून नागपूरच्या एका लॅबमध्ये लागले. मॅडमनी जांभळ्या टोपणाची ट्यूब एचपीएलसी मशीनला लावली आणि स्क्रीनवर शिखरांची रांगच उभी राहिली. "यातलं ए१सी कुठलं, सांग बरं." मी नुसती बघत राहिले. एकाच माणसाचं रक्त, मग इतकी हिमोग्लोबिनं कशी?

मॅडमनी धीरानं समजावलं. कॉलम प्रथिनांना त्यांच्या विद्युतभारानुसार धरून ठेवतो. बीटा साखळीच्या टोकाला साखर चिकटली की भार बदलतो आणि ते हिमोग्लोबिन लवकर सुटतं; तेच ए१सी. मग नेहमीचं ए, आणि बऱ्याच उशिरा एस, म्हणजे सिकलसेलचं. साखर चिकटते ती रक्तात फिरताना, एस मात्र जन्मतःच येतं. जनुकात जीएजीचं जीटीजी होतं, सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. एवढ्यानं पेशी विळ्यासारखी वाकते! हे ऐकून मी सुन्न झाले. हिमोग्लोबिनच्या भारातला हा फरक लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्येच दाखवला होता.

याच बदलाची डीएनए चाचणी केली, तेव्हा जेलवर तर आणखी गोंधळ. डीडीई-१ हे एन्झाइम डीएनएचा नेहमीचा तुकडा कापतं. बदललेल्या अक्षरामुळे मात्र त्याची कापायची खूणच पुसली जाते. म्हणजे निरोगी माणसाचे दोन छोटे पट्टे, रुग्णाचा एकच मोठा, आणि वाहकाचे तिन्ही. अतिनील दिव्याखाली तीन पट्टे स्वच्छ दिसले तेव्हा कुठे सगळं डोक्यात शिरलं.

पुढे मधुमेहाच्या तपासणीसाठी, म्हणजे ए१सीसाठी, एक सॅम्पल आलं. ग्राफवर ए जवळजवळ नव्हतंच, एसचं शिखर उंच. ए१सी मोजायचं ते ए हिमोग्लोबिनवर. तेच नाही तर मोजणार काय? शिवाय लाल पेशी एरवी सुमारे १२० दिवस जगतात, सिकलसेलमध्ये बहुधा १० ते २०. साखर चिकटायला तेवढा वेळच मिळत नाही. मॅडमनी आकडा रोखला, डॉक्टरांना फोन केला आणि त्याऐवजी फ्रुक्टोसामिन ही चाचणी करायला सुचवलं. ग्राफ न पाहता आकडा पुढे पाठवणं मला तेव्हापासून धोक्याचं वाटतं.

विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. तुमच्या घरी कुणाला असेल आणि ए१सी लिहून दिली असेल, तर रक्त देतानाच लॅबला तसं सांगा.