इस्तंबूल : दार नेमके केव्हा बंद झाले?

१/ इ.स. १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, आशिया-युरोपला जोडणारे खुष्कीचे मार्ग बंद झाले आणि म्हणून युरोपीयांना भारताचा जलमार्ग शोधावा लागला, असे महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या शाळेत शिकत आल्या. इस्तंबूल पाहायला जाणारा मराठी प्रवासी पूर्व आणि पश्चिम यांच्यामधले हे बंद दार मनात घेऊनच तिथे उतरतो. शहरात मात्र त्या दाराचा माग वेगळ्याच शतकात लागतो. त्याचा हा थ्रेड.

२/ आधी तारखा पाहू. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या उत्तर टोकावरील सेउटा घेतले १४१५ मध्ये. त्यांचे जहाज बोजादोर भूशिराच्या पलीकडे गेले १४३४ मध्ये. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्यापूर्वीच ही धडपड सुरू होती. शिवाय भारतातील मिरी व्हेनिसला पोहोचे ती प्रामुख्याने तांबड्या समुद्रातून, अलेक्झांड्रियामार्गे. इजिप्त ऑटोमनांच्या हाती आले १५१७ मध्ये, तर वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये. जो मार्ग तुर्कांच्या ताब्यातच नव्हता, तो त्यांनी बंद कसा केला असेल?

३/ खुद्द शहरातही विजयानंतर व्यापार थांबला नाही. गोल्डन हॉर्न खाडीपलीकडे गलाता ही जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांची वसाहत होती. पर्यटक आज ज्या गोल मनोऱ्यावर रांग लावून चढतात, तो गलाता मनोरा त्यांनीच १३४८ मध्ये उभारला. शहर पडल्यावर अवघ्या काही दिवसांत सुलतान दुसऱ्या मेहमेदने गलाताला जीवित, मालमत्ता आणि व्यापाराची हमी देणारी सनद दिली. पुढच्याच वर्षी, १४५४ मध्ये, व्हेनिसशी तह झाला आणि त्या प्रजासत्ताकाचा प्रतिनिधी इस्तंबुलात राहू लागला.

४/ जिंकलेले शहर ओस पडलेले होते आणि मेहमेदला ते वसवायचे होते. जानेवारी १४५४ मध्ये त्याने गेनाडिओस या विद्वान ख्रिस्ती साधूला ऑर्थोडॉक्स पंथाचा पेट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, नेमले. अनातोलिया आणि बाल्कन प्रदेशांतून कुटुंबे आणली; कित्येकांना तर सक्तीने आणले. १४७७ च्या गणनेत इस्तंबूल आणि गलाता मिळून सुमारे १६ हजार कुटुंबे नोंदली गेली. त्यांत मुस्लिम साधारण साडेनऊ हजार. उरलेली ग्रीक, ज्यू, आर्मेनियन आणि इतर.

५/ या शहराची भीषण लूट त्याआधीच होऊन गेली होती आणि ती ख्रिस्ती सैन्याने केली होती. १२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडचे योद्धे ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलवरच तुटून पडले. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमधील प्रसिद्ध कांस्य अश्व हे त्याच लुटीतले. त्या स्वारीचा सूत्रधार, व्हेनिसचा वृद्ध आणि अंध अधिपती एनरिको दान्दोलो, १२०५ मध्ये इथेच वारला. हागिया सोफियाच्या वरच्या सज्जात त्याच्या नावाची फरशी आजही पायांखाली येते. पूर्व आणि पश्चिम यांची सरळसोट फाळणी करू पाहणाऱ्याने त्या फरशीपाशी क्षणभर थांबावे.

६/ हागिया सोफिया पूर्ण झाले ५३७ मध्ये, सम्राट जस्टिनियनच्या काळात. त्याचा घुमट ५५८ मध्ये कोसळला आणि ५६२ पर्यंत पुन्हा उभारला गेला. सोळाव्या शतकात या वास्तूला आधार देऊन सावरले ते ऑटोमन वास्तुकार सिनानने. १८४७ ते १८४९ या काळात तिची डागडुजी केली स्वित्झर्लंडच्या फोसाती बंधूंनी, तीही सुलतानाच्या आज्ञेवरून. चर्च, मशीद, १९३४ च्या निर्णयानंतर संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद अशी तिची वाटचाल. मेरी आणि बाल येशू यांचे मोझेक आणि अल्ला-मुहंमद ही नावे कोरीव वळणांत मिरवणारी प्रचंड वर्तुळे तिथे एकाच दृष्टिक्षेपात येतात. मात्र नमाजाच्या वेळी मोझेक पडद्याआड जाते.

७/ सिनान स्वतः अनातोलियातील ख्रिस्ती कुटुंबात जन्मला आणि भरतीतून सुलतानाच्या सेवेत आला. १५५७ मध्ये पूर्ण झालेली सुलेमानिये मशीद त्याने बांधली, तेव्हा हागिया सोफियाचा घुमट त्याच्यासमोर आव्हान म्हणून उभा होता. त्याच्याही आधी व्हेनिसचा चित्रकार जेंतिले बेल्लिनी मेहमेदच्या दरबारी आला होता. १४८० सालचे त्याच्या नावाचे सुलतानाचे व्यक्तिचित्र आज लंडनमध्ये आहे.

८/ १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हद्दपार केले. दुसऱ्या बायझीदने त्यांना आपल्या राज्यात आसरा दिला. त्यांनी सोबत आणलेली जुनी स्पॅनिश, म्हणजे लादिनो, पुढे शतकानुशतके इस्तंबूलच्या गल्ल्यांत बोलली गेली. बालात भागातील आहरिदा सिनेगॉग तर तुर्कांच्या विजयापूर्वीचे. त्यातील धर्मग्रंथ वाचण्याचे व्यासपीठ जहाजाच्या नाळेसारखे आहे.

९/ तिथून जवळच, खाडीच्या काठी, बल्गेरियन समाजाचे लोखंडी चर्च आहे. त्याचे भाग व्हिएन्नात ओतले गेले, डॅन्यूब नदी आणि काळ्या समुद्रातून जहाजांनी इथे आले आणि १८९८ मध्ये जोडून उभे राहिले. आराखडा इस्तंबूलच्या एका आर्मेनियन वास्तुकाराचा. ऑस्ट्रियाचे लोखंड, आर्मेनियन हात, बल्गेरियन भाविक आणि ऑटोमन सुलतानाचा परवाना, अशी ही एकच इमारत.

१०/ हे सारे वाचून त्या काळाला रामराज्य समजण्याचे कारण नाही. बिगरमुस्लिमांना जिझिया द्यावा लागे. पोशाख, घोड्यावर बसणे, चर्चची घंटा अशा गोष्टींवर वेळोवेळी बंधने असत. समान दर्जाचे आश्वासन कागदावर उतरले ते १८३९ आणि १८५६ च्या फर्मानांत. सहजीवन होते, पण उतरंडीसकट होते. तरीही त्या उतरंडीत प्रत्येकाला शहरात राहण्याची जागा होती. पुढच्या शतकाने तीच काढून घेतली.

११/ १९१४ च्या ऑटोमन गणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ९ लाख होती आणि त्यांत सुमारे २ लाख ग्रीक होते. २४ एप्रिल १९१५ रोजी इस्तंबुलातील आर्मेनियन लेखक, वकील, पुढारी यांची धरपकड झाली. त्यांतले बहुतेक परतले नाहीत. १९२३ मध्ये तुर्कस्तान आणि ग्रीस यांनी धर्माच्या निकषावर लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरवली आणि सुमारे १५ लाख माणसे मुळासकट उपटली गेली. इस्तंबूलच्या ग्रीकांना त्यातून सूट मिळाली. पण ती सूट फार काळ टिकली नाही.

१२/ १९४२ मध्ये ‘संपत्ती कर’ आला. बिगरमुस्लिमांवर त्याची आकारणी कित्येक पटींनी अधिक झाली आणि ज्यांना तो भरता आला नाही, त्यांतल्या अनेकांना पूर्वेकडील आश्कालेच्या श्रमछावणीत धाडले गेले. मग ६ सप्टेंबर १९५५ ची रात्र आली. थेस्सालोनिकीतील अतातुर्कच्या जन्मघरी स्फोट झाल्याच्या बातमीवरून जमाव बाहेर पडले. ग्रीकांची आणि इतर अल्पसंख्याकांची हजारो दुकाने व घरे फोडली गेली, अनेक चर्च जाळली गेली.

१३/ १९६४ मध्ये, सायप्रसच्या वादात, ग्रीक नागरिकत्व असलेल्या हजारो इस्तंबूलवासीयांना देश सोडण्यास सांगण्यात आले. सोबत नेण्याची मुभा होती २० किलो सामानाची आणि किरकोळ रकमेची. त्यांच्या मागोमाग तुर्की नागरिकत्व असलेले नातलगही गेले. आज शहरात उरलेले ग्रीक काही हजारच आहेत. समुद्रापलीकडची हकीकतही निराळी नाही. थेस्सालोनिकीतले मुस्लिम १९२३ च्या अदलाबदलीत गेले आणि तिथल्या ज्यूंना नाझींनी १९४३ मध्ये मृत्युछावण्यांत पाठवले. एकाच धर्माचे, एकाच भाषेचे शहर हवे, हा हट्ट कोण्या एका राष्ट्राचा नव्हता.

१४/ बॉस्फरसवर १९७३ मध्ये पहिला पूल झाला आणि २०१३ पासून समुद्राखालून रेल्वे धावू लागली. आशिया आणि युरोप यांच्यामधले अंतर इतके कमी कधीच नव्हते. फेनेर-बालातच्या रंगीत घरांसमोर छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते. ही घरे कोणाची होती, हे काही दारांच्या चौकटींवरील ग्रीक अक्षरे किंवा जुनी सालेच सांगतात. शहर पाहायला जाणाऱ्याने घुमटांइतकेच या चौकटींकडेही पाहावे.

१५/ फेनेरमध्ये ऑर्थोडॉक्स पेट्रिआर्कचे पीठ आजही आहे. १८२१ मध्ये, ग्रीक बंडाच्या वेळी, सुलतानाच्या आज्ञेने पेट्रिआर्क पाचवा ग्रेगरी याला ईस्टरच्या दिवशी याच आवाराच्या मुख्य दरवाजात फाशी देण्यात आले. तो दरवाजा तेव्हापासून बंद आहे. येणारे-जाणारे बाजूच्या दाराने ये-जा करतात. १४५३ च्या विजेत्याने ज्या पीठाला सन्मानाने बसवले, त्याच्यासाठी दार बंद झाले ते पावणेचारशे वर्षांनी. पाठ्यपुस्तकातले वाक्य सुधारायचे झाले, तर सुरुवात इथून करता येईल.