मी डोळ्यांनी पाहिलं होतं

गुन्ह्याला मुदत कसली? चोरी काल केली काय नि दहा वर्षांपूर्वी केली काय, चोर तो चोरच. कॅलिफोर्नियात आल्यापासून मी हे सगळ्यांना ऐकवत आलो. इथे राज्याच्या कायद्याने किरकोळ गुन्ह्यावर खटला भरायला साधारण १ वर्ष मिळतं, बऱ्याच गंभीर गुन्ह्यांना ३ वर्षं. खुनाला मुदत नाही. २०१६ साली राज्याने बलात्काराच्या खटल्यांची मुदत उठवली, तेव्हा मी म्हणालो, आता बाकीच्याही उठवा. २००३च्या स्टॉगनर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं होतं की, संपलेली मुदत नवा कायदा करून जिवंत करता येणार नाही. त्या पाच जणांना मी पळवाटांचे राखणदार म्हणायचो.

माझा स्वतःचाही एक चोर होता. इथल्या मंडळाच्या गणपतीत देणग्यांचं पाकीट गायब झालं, आणि खजिनदाराने ते खिशात घालताना मी पाहिलं होतं. निळा झब्बा, डावा खिसा, आरतीची गर्दी. पोलिसांत कुणी गेलं नाही. मी मात्र बारा वर्षं ते घरोघर सांगितलं.

परवा पुन्हा सुरुवात केली, तर बायको म्हणाली, "अहो, त्या गणपतीत तुम्ही पुण्यात होतात. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं ना!"

मी हसलो. मग जुना पासपोर्ट काढला. मुंबईचा शिक्का होता.

डोळे मिटले, तरी झब्बा दिसतच होता. निळाच. मी खोटं बोलत नव्हतो, हेच भयंकर होतं. फोनवर कानांनी ऐकलेलं डोळ्यांनी कधी बघून टाकलं, मला कळलंच नाही. कोर्टात मी शपथेवर सांगितलं असतं, उलटतपासणीत तसूभर हललो नसतो. आणि त्या माणसाने बारा वर्षांनी कुठल्या पावत्या, कुठले साक्षीदार आणले असते?

बलात्काराची मुदत उठवली ते मला आजही योग्य वाटतं. तोंड उघडायचा धीर यायला वर्षं जातात. पण मुदत म्हणजे गुन्हेगाराला दिलेली सूट, असं आता म्हणवत नाही. माझ्यासारख्या प्रामाणिक साक्षीदारापासून वाचायची ती सोयही आहे.

खजिनदाराला फोन करायची हिंमत अजून झालेली नाही. आधी एका मित्राकडे चूक कबूल केली. तो म्हणाला, "तू नसशील रे, पण मी होतो ना! मी पाहिलंय. निळा झब्बा."

त्याला ते मीच सांगितलं होतं.