पद्मिनीची पाठचिकित्सा

'मूळ' या शब्दाविषयी साहित्याच्या अभ्यासकाने सावध असावे, असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. ज्ञानदेवांच्या हातची ज्ञानेश्वरीची प्रत आज कोणापाशी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) उपलब्ध प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि त्यात पुढे कोणी आपली ओवी घुसडू नये अशी तंबीही देऊन ठेवली. तरी १९०९ साली राजवाडे वेगळ्या पोथीवरून वेगळा पाठ छापतात आणि वादाला तोंड फुटते. हे सारे पचवलेला मराठीचा प्राध्यापकसुद्धा जुनी मोटार घेऊन मिस्त्रीच्या दारात उभा राहिला, की पहिले वाक्य बोलतो ते असे : "सगळं ओरिजिनल ठेवा हं!" पोथीच्या बाबतीत जो शब्द उच्चारताना त्याची जीभ अडखळते, तोच शब्द पत्र्याच्या बाबतीत इतक्या निर्धास्तपणे कसा येतो, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. १९७५ची. नोंदणीपुस्तकात पहिल्या मालकाचा पत्ता 'पेण, जि. कुलाबा' असा आहे. कुलाब्याचा रायगड झाला तो १९८१ साली, म्हणजे पत्त्यातही पाठभेद आहेच. पद्मिनीला 'स्पोर्ट्स कार' म्हटलेले ऐकून मुंबईकर हसेल, कारण त्याच्या डोळ्यांपुढे काळीपिवळी टॅक्सी येते. ती टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. पण या गाडीची वंशावळ पाहावी. फियाटने १९५३ साली ११०० ही गाडी काढली आणि त्याच वर्षी तिची 'टीव्ही' नावाची आवृत्तीही काढली. टीव्ही म्हणजे 'तुरिस्मो वेलोचे', वेगवान प्रवासाची. इंजिन तेच, १०८९ घनसेंटिमीटरचे. फक्त कॉम्प्रेशन वाढवलेले आणि कार्बोरेटर निराळा. १९६४पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जी ११०० डिलाइट बनू लागली आणि जिला १९७४च्या सुमारास चितोडच्या राणीचे नाव मिळाले, ती याच घराण्यातली, पण सोज्वळ शाखेची. परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद असलेल्या त्या काळात मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तेव्हा हौशी मंडळी हीच फियाट कापून, घासून, हलकी करून पळवीत. आपल्याकडची स्पोर्ट्स कार ही अशी टीकेच्या रूपाने, मूळ संहितेच्या समासात लिहिली गेली.

आमचा समास म्हणजे पेण ते रोहा. महामार्गाने वडखळपर्यंत डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या ट्रकांमागून मुकाट जावे लागते. पनवेल ते इंदापूर या पट्ट्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि तपाहून अधिक काळ रेंगाळले. त्या काळात आमच्या गाडीच्या पाट्यांनी जे सोसले त्यावर स्वतंत्र विलापिका होईल. पण नागोठण्यापाशी महामार्ग सोडून भिसे खिंडीचा रस्ता धरला की गाडी निराळी होते. पहाटेची वेळ, दोन्ही बाजूंना झाडी, एकामागून एक वळणे. चाळीस-बेचाळीस अश्वशक्तीच्या गाडीला इथे वेगवान म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पन्नास-साठच्या वेगातच तिची सारी कला दिसते. तिसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरावे, चाकाचा कल हाताला कळावा, अर्ध्या वळणावर पाय हळूहळू दाबावा आणि मागच्या चाकांनी तिला बाहेर ढकलावे. नव्या गाडीत हेच वळण आपण घेतले की गाडीने घेतले, ते कळत नाही.

हे सुख हवे म्हणून आम्ही रोह्याच्या मिस्त्रींकडे गेलो, तेव्हा आमच्या मनात इंजिन होते. मिस्त्रींनी बॉनेट उघडलेच नाही. जॅक लावून पुढचे चाक उचलले, वरखाली हलवले आणि आमच्याकडे पाहिले.

"सर, गाडी पळवायचीय ना तुम्हाला?"

"हो, थोडी."

"मग इंजिनाला हात नंतर लावू. आधी किंगपिन. ही बघा, चाक स्वतःच बोलतंय."

चाक खरोखरच बोलत होते. टक् टक् असा आवाज येत होता. पद्मिनीच्या पुढच्या चाकांचा सारा भार ज्या खिळीभोवती वळतो तिची बुशे झिजली, की स्टिअरिंगमध्ये पोकळ फिरणे येते आणि विशिष्ट वेगाला चाके लपलपू लागतात. उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे : नवी बुशे, आणि नंतर नेमाने ग्रीस. ग्रीसचे प्रत्येक निपल पुसून, पंपाने जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत भरायचे. मग मागच्या पाट्या, शॉक अब्सॉर्बर, मग ब्रेक. चारही चाकांना ड्रम. खिंड उतरताना ते तापले की पकड सोडतात आणि कोकणातल्या पावसात भिजले तरी सोडतात. पाण्यातून बाहेर आल्यावर पेडल हलके दाबत थोडे अंतर जाऊन ते वाळवावे लागतात. वेगासाठी फेरबदल करणाऱ्यांच्या गप्पांत कार्बोरेटर पहिला असतो आणि ब्रेक शेवटी. मिस्त्रींचा क्रम नेमका उलटा होता, आणि आमच्या मते तोच शास्त्रशुद्ध आहे. पाठचिकित्सेतही आधी पोथीची पाने लावून घेतात, अलंकारांची चर्चा मागाहून.

पण इथेच पहिली अडचण उभी राहिली. पुढे डिस्क ब्रेक बसवले तर ती दुरुस्ती की प्रक्षेप? नायलॉनच्या टायरांऐवजी रेडियल घातले तर? भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पुऱ्या झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने या पेचावर एक मार्ग दाखवला आहे. सुकथनकरांनी आखलेल्या पद्धतीत प्रक्षिप्त ठरलेला श्लोक फेकून दिला जात नाही. तो मुख्य पाठातून काढून तळटीपेत किंवा परिशिष्टात जातो, कोणकोणत्या पोथ्यांत आहे याच्या नोंदीसह. वाचकाला संपादकाचा निर्णय अमान्य असेल, तर त्याला तो उलटवता येतो. मोटारीला लावायचे झाले तर नियम असा : काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवायचा, आणि जो परत फिरवता येत नाही असा छेद पत्र्याला द्यायचा नाही. आमच्या पडवीत त्यासाठी आंब्याचे एक खोके आहे. ड्रम, जुना कार्बोरेटर, गिअरच्या दांड्या, सगळे तेल लावून, चिठ्ठ्या बांधून.

या नियमाने इंजिनाचा प्रश्न सोपा झाला. हेड किंचित घासून कॉम्प्रेशन वाढवणे आणि दोन नळ्यांचा कार्बोरेटर बसवणे हे कारखान्याने स्वतः १९५३ साली 'टीव्ही'त केलेलेच बदल आहेत. म्हणजे हा लेखकाचाच पाठभेद. (घासलेले हेड परत जाड होत नाही, हे खरे. म्हणून आम्ही भंगारातून दुसरे हेड मिळवून ते घासले, मूळ खोक्यात आहे. हा भंगारबाजार कुर्ल्याचा. गाडी जिथे जन्मली तिथेच तिचे अवयव मिळतात, यात काव्य आहे की क्रौर्य, ते वाचकांनी ठरवावे.)

आणि काहीही न बदलण्याचा मार्ग तर उरलेलाच नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा खाते. शिवाय मिश्रण विरळ होते, म्हणून जेट मोठा करावा लागतो. इथेनॉलचा ऑक्टेन अधिक असल्याने वाढवलेले कॉम्प्रेशन त्याला सोसते, हा त्यातला अनपेक्षित प्रसाद. पण मुद्दा असा की गाडी १९७५ साली जशी चालत होती तशीच चालायला हवी असेल, तर तिच्यातले रबर २०२५चे हवे. मे महिन्यात तापलेल्या पंपावर ओले फडके टाकण्याची रीत तेवढी अजून जशीच्या तशी आहे.

मधल्या काळात स्टिअरिंगवरच्या हॉर्नचे बटण तडकले. ते कुठेच मिळेना. शेवटी हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यात त्याचा रबरी साचा काढून घेतला. साच्यातून जे बाहेर आले त्यावरचे अक्षर बोथट होते. तिथल्या कारागिराने, डोळ्यांची आखणी करावी तशा हाताने, ते कोरून नेमके केले. आम्ही आभार मानले तर तो म्हणाला, "साच्यातून आलेलं कधी पुरं नसतंच, गुरुजी."

सरकारचे मत याहून कडक आहे. जुलै २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपलीकडच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असली पाहिजे. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. आणि मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणायची. नित्याच्या वापराला नाही. मूळ पाठ मान्य, पण वाचायचा नाही! आमची गाडी २०२५ साली या वयात आली. रोह्याचे आमचे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, म्हणाले, "अहो, नोंदवून टाका. मान आहे तो." आम्हाला तो मान पोथीला रेशमी रुमालात बांधून पूजेला ठेवण्यासारखा वाटला. आम्ही दर पाच वर्षांचे साधे नूतनीकरणच करून घेतले. इंजिन आणि चॅसिस यांचे क्रमांक पुस्तकातल्याप्रमाणे आहेत. कायद्याचे ५२वे कलम त्याबाबतीत विनोद जाणत नाही, आणि आम्हालाही तिथे विनोद करायचा नाही.

राहता राहिला गिअर. स्टिअरिंगखालच्या दांडीने गिअर टाकताना मधल्या सांध्यांची बुशे झिजलेली असली, की दुसरा हवा तिथे कोणताच मिळत नाही; खिंडीत हे परवडत नाही. नव्वदच्या दशकात कंपनीनेच काही पद्मिनींना खालून, जमिनीवरून गिअर दिला होता, त्या आधारावर आम्ही तो बसवला. जुनी दांडी खोक्यात ठेवायला घेतली तेव्हा मिस्त्री ती उजेडात धरून म्हणाले, "सर, ही तुमच्या गाडीची नाहीच. टॅक्सीची आहे. कोणीतरी आधीच बदललेली." त्यांच्या मते चिठ्ठीवर 'डुप्लिकेट' लिहावे. आम्ही 'उपलब्ध पाठ' सुचवले. दांडी अजून चिठ्ठीवाचून पडून आहे.