फुलोऱ्यात शिरलेला थ्रिप्स

रावेर, जि. जळगाव
सप्टेंबर

चि. भाचेबुवांस,


फोटो पाहिले. पानांवर चंदेरी ओरखडे आणि त्यावर मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके. हा थ्रिप्सच, म्हणजे फुलकिडा, दुसऱ्या कुणाचं हे काम नाही. ते ठिपके म्हणजे त्याची विष्ठा. झाड कोणतं तेही ओळखलं. परवा ताई फोनवर विचारत होती, "परसात काय लावलंय म्हणे त्यानं, तुला काही बोलला का?" मी म्हटलं, औषधी वनस्पती आहे. तुमच्या ऑन्टारिओत १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार झाडं कायद्यानं चालतात, हे मला ठाऊक आहे. ताईला ते पटवायचं काम तुझं. इकडे शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, हेच झाड सापडलं की पोलीस मुळासकट उपटून नेतात आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवतात. तेव्हा मला फोटो पाठवलास ते ठीक, घरच्या ग्रुपवर टाकू नकोस.

त्या कायद्याची एक गंमत आहे. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. इंग्रजांच्या काळात आपल्या शेजारी खंडव्याकडे परवान्यावर गांजाची शेती चालायची. १८९३-९४ च्या आयोगानं त्या साऱ्या धंद्याची चौकशी केली होती. म्हणजे सरकारचा डोळा फुलोऱ्यावर आणि थ्रिप्सचाही फुलोऱ्यावरच.

आता तुझा प्रश्न. "फुलोरा आलाय, कोणतं औषध मारू?" कोणतंच मारू नकोस. हे सांगायला एवढं पत्र कशाला, असं म्हणशील. पण कारण समजल्याशिवाय तू ऐकणार नाहीस, तुझ्या आईवर गेला आहेस.

आपल्या केळीत ही लढाई कमळावर, म्हणजे केळफुलावर होते. कमळ झाडाच्या पोग्यातून बाहेर येतं तेव्हा थोडे दिवस त्याचं तोंड आभाळाकडे असतं, मग ते लवून खाली वळतं आणि एकेक पाकळी उचलायला लागते. नव्या माणसाला वाटतं, फणी उघडी पडली की किडा येत असेल. तो आधीच आत बसलेला असतो. केळीच्या कांदेबागेतली काही मागास झाडं आत्ता निसवताहेत, त्यातलं एक कमळ काल मुद्दाम उतरवलं. न उचललेली पाकळी नखानं सोलली. आत बोटाच्या पेराएवढ्या पांढुरक्या केळ्यांची दुहेरी ओळ, प्रत्येकाच्या टोकाला चिकानं ओलं फूल, आणि फुलाच्या बुडाशी फिकट पिवळे, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे जीव. उजेड पडताच ते दोन केळ्यांच्या फटीत पसार झाले. नेमक्या त्याच फटीत पुढे तांबूस खरखरीत डाग उमटतो. गर पांढराशुभ्र, चवीत काडीचा फरक नाही, पण पेट्या भरताना व्यापारी अशी फणी बाजूला टाकतो आणि बाजाराच्या बोर्डावरचा भाव बोर्डावरच राहतो.

म्हणून औषध द्यायचंच तर कमळाचं तोंड वर असतानाच, सुईनं, थेट कमळात. घड उघडल्यावर कितीही पंप मारले तरी पडलेला डाग पुसला जात नाही. कमळात देतात ते बहुधा इमिडाक्लोप्रिड, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं औषध. त्यानंतर घड कापणीला यायला तीन महिन्यांच्या वर जातात, तोवर ते बरंचसं उतरतं. शिवाय केळ्याची साल आपण फेकून देतो. केळीत फूल ही पिकाची सुरुवात असते. तुझ्या झाडात फूल हेच पीक. त्याला साल नाही, ते कुणी धुऊन घेत नाही, आणि वर तुम्ही लोक ते पेटवता.

पेटवण्यावरून आठवलं. तुमच्याकडे २०१६-१७ च्या सुमाराला परवानाधारक कंपन्यांच्या मालात मायक्लोब्युटॅनिल निघालं आणि माल परत मागवावा लागला. नाशिकच्या कुठल्याही द्राक्षवाल्याला हे नाव पाठ असतं, भुरीवरचं औषध. द्राक्षाला ते ठरलेल्या मर्यादेत चालतं. तेच तापवलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. पुढे कॅनडानं परवानाधारकांच्या मालासाठी ९६ कीडनाशकांची तपासणी सक्तीची केली. तुझी चार झाडं कोण तपासणार? आपल्याकडे ज्याला लेबल क्लेम म्हणतात, म्हणजे या पिकावर हे औषध चालेल अशी डब्यावरची नोंद, ती आधी वाच. टोमॅटोला चालतं म्हणून गांजाला चालेल, हा हिशोब करू नकोस.

दुसरं असं की मारूनही तो हटत नाही. मादी अंडी पानाच्या आत खुपसून घालते, तिथं फवारा पोचत नाही. पिल्लं पानाफुलांवर खरवडून रस पितात, आणि कोषात जायची वेळ आली की बहुतेक खाली मातीत उतरतात. तिथंही फवारा पोचत नाही. ऊन चांगलं असेल तर दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी उभी. कांद्यावरच्या थ्रिप्सच्या माद्यांना तर बहुतेक ठिकाणी नराचीही गरज लागत नाही. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या कांद्याची पात ज्यानं पांढरी केली, तोच थ्रिप्स टॅबॅसाय तुमच्याकडे गांजावरही सापडतो. फोटोत तुझ्या कुंपणापलीकडे कुणाचा तरी लसूण-कांद्याचा वाफा दिसतोय. तो काढला की थ्रिप्स जवळचं हिरवं शोधत निघतो. आपल्याकडे उन्हाळ कांदा निघाला की तो शेजारच्या कोवळ्या कपाशीवर चढतो, तसंच.

औषधांचा मारा करून काय होतं ते २०२१ च्या अखेरीला तेलंगण-आंध्रातल्या मिरचीवाल्यांनी भोगलं. बाहेरून आलेला नवा थ्रिप्स थेट फुलात शिरला. घाबरलेल्या शेतकऱ्यांनी टाकीत दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र कालवली. मित्रकिडे मेले, थ्रिप्स राहिला, मिरचीच्या फुलांचा सडा पडला.

स्पिनोसॅडचं नाव तू लिहिलंस. औषध चांगलं आहे, थ्रिप्सवर रिझल्ट देतं. १९८२ मध्ये कॅरिबियनमधल्या एका बंद पडलेल्या रमच्या कारखान्याच्या मातीतून त्याचा जिवाणू मिळाला होता, त्यामुळे तुझ्या पिकाशी त्याचं गोत्र जुळतं म्हणा! पण त्याची वेळ फुलोऱ्याच्या आधी होती. निंबोळी तेलाचंही तेच. फुलोऱ्याच्या चिकट केसांत तेल अडकून बसतं आणि सुकल्यावरही वास मारतं.

मग करायचं काय? निळे चिकट सापळे लाव. पिवळ्यावर पांढरी माशी येते, थ्रिप्सला निळा जास्त भावतो. सापळ्यानं तो संपणार नाही, पण वाढतोय की ओसरतोय हे कळेल. खालची, फार खराब झालेली पानं काढून पिशवीत बांधून टाक, झाडाखाली पाडू नकोस. एक फांदी पांढऱ्या कागदावर झटक आणि भिंगातून बघ. त्यात लहानसा, टोकदार सोंडेचा, काळपट ढेकूण दिसला तर आनंद मान. तो ओरियस, थ्रिप्स आवडीनं खातो. तुमच्याकडे थ्रिप्स खाणाऱ्या कोळ्यांच्या पुड्या झाडावर टांगायला विकत मिळतात. इकडे रावेरच्या कृषी केंद्रात मागितल्या तर दुकानदार माझ्याकडे बघत राहील. त्या आण, पण रात्री गार पडायला लागण्याआधी. थंडीत ते कोळी सुस्तावतात.

पाण्याचा जोराचा फवारा आपण कपाशीवर पावसाकडून फुकट करून घेतो, एक चांगली सर आली की निम्मा थ्रिप्स वाहून जातो. तू मात्र भरलेल्या फुलोऱ्यावर पाईप धरू नकोस. तुमच्या शरदातल्या दमट हवेत आतून राखाडी बुरशी धरेल आणि थ्रिप्सनं जे सोडलं असतं ते ती खाईल. हाच खरा धोका मानतो मी. थ्रिप्सनं उघड्यावरचं भरलेलं झाड सहसा मरत नाही, माल थोडा डागी होतो एवढंच. चार झाडांवर पाच-दहा टक्के गेलं तर जाऊ दे. तुला काय पेट्या भरून इराणला पाठवायच्या आहेत?

कापणी झाली की कुंड्यांतली माती तशीच ठेवू नकोस. ती घरात आणलीस तर त्यातला थ्रिप्स उबेत हिवाळा काढेल. पोरांच्या खोलीतल्या झाडांना तर ती मुळीच घालू नकोस. ताईला काय सांगणार आहेस ते आधी मला कळव, म्हणजे आपल्या दोघांचं बोलणं जुळेल.

तुझा
मामा