आरेकांठचे सदरे

स्वित्झर्लंडांतील बर्न शहरीं आम्ही आरे नदीच्या कांठीं हिंडत होतों. येथील विद्यापीठांत १९९५ सालीं क्लाउस वेडेकिंड व सहकाऱ्यांनीं ४४ पुरुषांचे दोन रात्री वापरलेले सुती सदरे ४९ स्त्रियांकडून हुंगविले. ज्यांचीं रोगप्रतिकारक जनुकें आपल्याहून भिन्न, त्यांचा वास स्त्रियांना सामान्यतः अधिक रुचला. आपल्या जोडीदाराची आठवणही त्यानेंच अधिक वेळां झाली. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचा कौल मात्र उलटा! पुढील प्रयोगांचे निकाल एकमुखी नाहींत, हेंही खरें. आमच्या विवाहाच्या वेळीं वडिलांनीं गोत्रें पाहिलीं. नाकास कोणीं विचारलें? सायंकाळीं बिऱ्हाडीं येऊन ट्रंक उघडली. वरच दिवंगत कुटुंबाची शाल होती. दोन वर्षें झालीं. ती आम्हीं अद्याप धुतलेली नाहीं.